प्लेटलेटच्या आजारात ग्रोथ फॅक्टर तपासताय? या चुका टाळा

मी बरीच वर्षं हिमॅटोलॉजीच्या (रक्ताच्या आजारांच्या) लॅबमध्ये काम करतेय, आणि ग्रोथ फॅक्टरचे (पेशींना वाढायचा निरोप देणाऱ्या प्रथिनांचे) चुकलेले रिपोर्ट बघितले की खरंच जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा मशीन बरोबर असतं आणि घोळ सॅम्पल घेतानाच झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक सिरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव तपासायला घेण्याची. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारा बारीक कण, ही ग्रोथ फॅक्टरने भरलेली थैलीच, पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ अशा ग्रोथ फॅक्टरपैकी सगळं आत साठवलेलं असतं आणि रक्त गोठलं की ते बाहेर सांडतं. आता एका पेशंटचा प्लेटलेट काउंट १० लाख आणि दुसऱ्याचा २० हजार असेल तर सिरममध्ये पहिल्याचं पीडीजीएफ जास्त येणारच ना, त्यात आजाराचं काय कळलं? आपण परत प्लेटलेटच मोजल्या! म्हणून प्लाझ्मा (गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) घ्या, तोही दोनदा सेंट्रीफ्यूज करून प्लेटलेट काढून टाकलेला, आणि मगच फ्रीजरमध्ये टाका. आम्ही एकदा घाईत एकदाच फिरवून फ्रीजरमध्ये टाकला, उरलेल्या प्लेटलेट फुटल्या आणि अख्खी बॅच वाया गेली, पेशंटला परत सुई टोचायला लागली त्याचं फार वाईट वाटलं.

बोनमॅरोचंही (हाडातल्या मगजाच्या सॅम्पलचंही) तसंच आहे. पहिल्यांदा ओढलेला थोडासा मॅरोच खरा, पुढे ओढत राहिलात की त्यात नुसतं रक्त मिसळत जातं, मग मॅरोतली लेव्हल आणि रक्तातली लेव्हल सारखीच आली म्हणून नवल करत बसू नका.

दुसरा घोळ थ्रॉम्बोपोएटिनचा, म्हणजे प्लेटलेट बनवायला लावणाऱ्या ग्रोथ फॅक्टरचा. प्लेटलेट कमी म्हणजे हे जास्तच असणार असं सगळे धरून चालतात. पण ते मुख्यतः लिव्हरमध्ये बऱ्यापैकी एकसारखं बनत राहतं आणि प्लेटलेट अन् मेगाकॅरिओसाइट (मॅरोतल्या प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी) ते शोषून घेतात. आयटीपीत (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते त्या आजारात) मॅरोमध्ये मेगाकॅरिओसाइट भरपूर असतात, म्हणून लेव्हल नॉर्मल किंवा जराशीच वाढलेली येते. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात (मॅरो रक्तपेशी बनवणंच जवळपास थांबवतो तेव्हा) शोषणारं कुणी उरलेलंच नसतं, तिथे ती खूप वर जाते. आणि इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियात (मॅरो जास्तीच्या प्लेटलेट बनवतो त्या आजारात) प्लेटलेट ढीगभर असूनही ती नॉर्मल किंवा जास्त येऊ शकते, कारण त्या प्लेटलेटवर ते पकडणारे एमपीएल रिसेप्टरच कमी असतात. तेव्हा नुसता आकडा वाचू नका, काउंट आणि मॅरो शेजारी ठेवून वाचा.

आणि हो, काउंट तरी खरा आहे का ते आधी बघा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये काही जणांच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि मशीन कमी मोजतं, अशा वेळी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली बघा, निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत घ्या आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा.

आता पेशंट आणि घरच्यांसाठी. एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी थ्रॉम्बोपोएटिनचाच रिसेप्टर चालू करते, पण दूध, दही, पनीर, कॅल्शियम-आयर्नच्या गोळ्या, अँटासिड यांच्यासोबत ती नीट शोषलीच जात नाही. मग लोक म्हणतात औषध लागू पडत नाही! गोळी यांच्या आधी निदान २ तास किंवा यांच्यानंतर ४ तासांनी घ्या, आणि सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर तर नकोच. काउंट चांगला आला म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नका, काहींचा काउंट पहिल्यापेक्षा खाली जातो आणि रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी बंद केली तरी पुढचे निदान ४ आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करा.