यकृताच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा अंदाज : या चुका टाळा

यकृतातील गाठ पूर्ण निघाली असे सर्जनने सांगितले की नातेवाईक विचारतात, ‘आता किती वर्षे?’ याचे उत्तर केवळ गाठीच्या आकारावरून काढणे ही नेहमीची चूक आहे. यकृताचा प्राथमिक कर्करोग बहुतेक वेळा हेपॅटायटिस बी किंवा सी, मद्यपान अथवा फॅटी लिव्हर यांमुळे आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. गाठ जाते, पण ते यकृत मागे राहते. ५ वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत आजार पुन्हा दिसतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

पहिल्या २ वर्षांत परतलेला आजार बहुधा मूळ गाठीच्या पसरलेल्या पेशींचा असतो, तर त्यानंतरचा पुष्कळदा उरलेल्या यकृतात नव्याने उद्भवलेला असतो. या दोहोंना एकाच टक्केवारीत कोंबणे मला गैर वाटते, कारण दुसऱ्या प्रकाराचा धोका हेपॅटायटिस बीवरची औषधे नियमित घेऊन आणि दारू पूर्ण बंद करून कमी करता येतो.

पॅथॉलॉजीचा (काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा) अहवाल हाती येण्यापूर्वी अंदाज वर्तवू नये. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी शिरल्या आहेत का, हे स्कॅनवरून खात्रीने कळत नाही, आणि आजार लवकर परतण्याची शक्यता ठरवण्यात ही बाब फार महत्त्वाची असते. एएफपीची (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाची) पातळी सामान्य आहे म्हणून निर्धास्त होणेही चूक आहे, कारण कित्येक रुग्णांत ती मुळातच वाढलेली नसते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यातील आकडे वाचताना सर्वाधिक गोंधळ होतो. पहिल्या दोन दिवसांत बिलिरुबिन (काविळीत वाढणारे रक्तातील पिवळे द्रव्य) थोडे वाढले म्हणून लगेच हताश होऊ नये. फ्रान्समधील सर्जननी २००५ साली मांडलेला निकष पाचव्या दिवसाचा आहे : प्रोथ्रोम्बिन (रक्त गोठण्याची क्षमता दाखवणारी चाचणी) सामान्याच्या ५० टक्क्यांहून कमी आणि बिलिरुबिन ५० मायक्रोमोल प्रतिलिटरहून अधिक, असे दोन्ही एकत्र आढळल्यास जिवाला गंभीर धोका असतो. आपल्याकडील प्रयोगशाळा बिलिरुबिन मिलिग्रॅममध्ये देतात, त्यामुळे ही मर्यादा सुमारे २.९ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर धरावी. आणि प्रोथ्रोम्बिन टक्क्यांऐवजी आयएनआरमध्ये (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेच्या गुणोत्तरात) दिलेले असेल, तर तो आकडा या निकषात तसाच बसवू नये. रुग्णाला प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) दिला असल्यास त्यानंतरचा प्रोथ्रोम्बिनचा आणि अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन) दिले असल्यास त्यानंतरचा अल्ब्युमिनचा अहवाल यकृताची खरी स्थिती दाखवत नाही, म्हणून ते कधी दिले याची नोंद अहवालाशेजारीच ठेवावी.

इंटरनेटवरील कॅल्क्युलेटर कोणत्या रुग्णांच्या माहितीवर तयार झाला, हे पाहिल्याशिवाय वापरू नये. पूर्व आशियातील हेपॅटायटिस बीच्या रुग्णांवर बेतलेले गणित मद्यपानामुळे सिरॉसिस (यकृतात व्रण पडून ते कठीण होणे) झालेल्या रुग्णाला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

शेवटची चूक म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी सांगितलेला आकडा कायमचा मानणे. आजाराविना २ वर्षे काढलेल्या रुग्णाचा अंदाज पहिल्या दिवशीच्या अंदाजापेक्षा चांगला असतो. म्हणून पहिली २ वर्षे साधारण दर ३ ते ६ महिन्यांनी स्कॅन करताना डॉक्टरांना तो आकडा नव्याने विचारावा.