सीसीआर-७ दिसेना? अँटिबॉडीला शिव्या देण्याआधी तापमान बघा

फ्लो सायटोमेट्रीच्या (अँटिबॉडीने रंगवलेल्या पेशी मशीनवर मोजायच्या) पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र वापरायच्या अँटिबॉडींच्या संचात, सीसीआर-७ घेतलाय ना? मग सीडी-४५आरए (टी पेशींचे गट पाडायला सोबत वापरला जाणारा दुसरा मार्कर), गेटिंग (आलेखावर रेघ मारून पेशींचे गट वेगळे करणं) वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. नाईव्ह (अजून कुठल्या जंतूशी गाठ न पडलेल्या) आणि सेंट्रल मेमरी टी पेशींवर हा रिसेप्टर असतो, इफेक्टर मेमरीवर नसतो. १९९९ पासून सगळं जग हीच विभागणी वापरतंय. त्यामुळे हे एक स्टेनिंग फसलं की नाईव्ह पेशी टेमरा (सीडी-४५आरए असलेल्या पण सीसीआर-७ नसलेल्या, वयाबरोबर वाढणाऱ्या पेशी) म्हणून मोजल्या जातात आणि विशीतल्या ठणठणीत पोराचं रक्त म्हाताऱ्यासारखं दिसतं. आकडे येतात, पण खोटे. भीती त्याचीच.

आमच्या लॅबच्या झेरॉक्स प्रोटोकॉलवर लिहिलेलं होतं, 'रूम टेंपरेचर'. लिहिणाऱ्याच्या डोक्यात २०-२५ अंश. पण मे महिन्यातलं छत्रपती संभाजीनगर, त्यात लाईट गेलेली, एसी बंद. ट्यूब टेबलावर, आणि आलेखावर सीसीआर-७ चा पीक एकदम झकास! डिसेंबरात तीच बाटली, तोच लॉट, आणि नुसता पसारा. अँटिबॉडी खराब झाली म्हणून मी डीलरच्या मागे लागलो होतो.

अँटिबॉडी चांगलीच होती. सीसीआर-७ पेशीच्या पृष्ठभागावर बसून राहत नाही, सारखा आत-बाहेर करतो. थंडीत ही ये-जा थांबते आणि त्या क्षणी बाहेर असलेलेच रिसेप्टर रंगतात. ३७ अंशांवर बाहेर येणारा प्रत्येक नवा रिसेप्टर अँटिबॉडीला सापडत जातो. म्हणून सीसीआर-७ आधी, एकटा, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये साधारण १५ मिनिटं. बाकीच्या अँटिबॉडी नंतर, नेहमीसारख्या. बर्फावर तर मुळीच नको. आणि हे सगळं पेशी फिक्स (रसायनाने स्थिर) करण्याआधी. कल्चरमध्ये सीसीएल-१९ (सीसीआर-७ ला चिकटणारा शरीरातलाच रेणू) घातलं असेल तर रिसेप्टर आतच ओढला जातो, तिथे वॉटर बाथही कामाचा नाही.

नवा क्लोन (त्याच रिसेप्टरची वेगळी अँटिबॉडी) मागवणं हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट. महागात पडतो. आधी टायट्रेशन करा, म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणात घालून किती अँटिबॉडी लागते ते बघा. गाईडपेक्षा मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला विचारा, हे माझं ठाम मत. गाईडनी शेवटची ट्यूब कधी धरली होती देव जाणे.

पार्सल उन्हाळ्यात येतं, जेल पॅक वितळलेले असतात. घाबरू नका, अँटिबॉडी एका दुपारीत सहसा मरत नाही. मरते ती तुम्ही काळजीपोटी उणे २० मध्ये टाकल्यावर. पीई, एपीसी हे चमकणारे रंग लावलेल्या अँटिबॉडीची बाटली साध्या फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, उजेडापासून लांब.

एफएमओ ट्यूब (सीसीआर-७ सोडून बाकी सगळ्या अँटिबॉडी घातलेली) मात्र टाळू नका. सीसीआर-७ चे दोन स्वच्छ डोंगर क्वचितच दिसतात, बहुतेकदा उतारच असतो, आणि रेघ कुठे मारायची हे तीच ट्यूब सांगते. मशीनसाठी पुणे गाठायचं असेल तर रक्त काढतानाच या ट्यूबपुरतं जास्त घ्या, तिथे पोचल्यावर कुठून आणणार?