माध्यमांतरासाठी गोष्ट निवडताना

पटकथालेखनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी मला अनेकदा विचारतात की, एखादी कथा किंवा कादंबरी पडद्यावर अथवा रंगमंचावर आणण्याजोगी आहे हे ओळखायचे कसे. गेली नऊ वर्षे मी एका निर्मितीसंस्थेसाठी मराठी कथा-कादंबऱ्या वाचून त्यांवर टिपणे लिहिते. त्याआधी महाविद्यालयात असताना एकांकिका स्पर्धेसाठी केलेले माझे एक रूपांतर सपशेल फसले होते आणि या कामातले माझे खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

ती एका वृद्ध विधवेची कथा होती आणि तिची भाषा इतकी सुंदर होती की, त्यातले एकही वाक्य सोडायला मी तयार नव्हते. बाईंच्या मनातले सगळे मी निवेदकाच्या तोंडी घातले. प्रयोगात नटी खुर्चीत बसून राहिली, निवेदक बोलत राहिला आणि दहाव्या मिनिटाला प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू झाली. ज्या वाक्यांनी वाचताना माझे डोळे भरून आले होते, ती मोठ्याने उच्चारली जाताच निर्जीव झाली. कारण कागदावर ती वाचकाच्या मनात उमटत होती, आणि इथे मात्र दुसराच कोणीतरी ती त्याला ऐकवत होता.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते. पुस्तक वाचून झाल्यावर ते चार दिवस उघडायचे नाही; मग ते न वाचलेल्या एखाद्या व्यक्तीला, शक्यतो साहित्याशी संबंध नसलेल्या, ती गोष्ट तोंडी सांगायची. ऐकणारा कोठे ‘मग?’ असे विचारतो आणि कोठे नुसती मान हलवतो, याची नोंद करायची. ‘मग?’ हा प्रश्न बहुधा तेव्हा येतो, जेव्हा एखाद्या माणसाला काहीतरी हवे असते, ते मिळवण्यासाठी त्याला काही करावे लागते आणि त्या करण्याची किंमत मोजावी लागणार हे ऐकणाऱ्याला आधीच दिसू लागते. भाषेचे सौंदर्य या कसोटीत गळून पडते. ते गळल्यावर काही उरत असेल तरच पुढचा विचार करावा.

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ साली ‘सिंहासन’ हा चित्रपट केला आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली. नवोदितांनी कादंबऱ्या आणि चित्रपट शेजारी ठेवून अभ्यासावेत, असे मी आग्रहाने सांगते. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, पत्रकार अशी पात्रांची एवढी दाटी असलेला ऐवज दोन-अडीच तासांत मावणार नाही, असे पहिल्या वाचनात कोणालाही वाटेल. तो मावला, कारण यातल्या बहुतेकांची इच्छा एकाच खुर्चीभोवती फिरते आणि ती एका शब्दात सांगता येते. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, आपल्याविरुद्ध काहीतरी शिजते आहे हे त्यांना कळते, आणि त्या क्षणापासून प्रत्येक भेटीला, प्रत्येक हसण्याला दुसरा अर्थ येतो. हे सगळे पाहणारा दिगू टिपणीस हा पत्रकार मात्र मला त्या रचनेचा कणा वाटतो. त्याला खुर्ची नको आहे. पण जे पाहिले ते पचवण्याची किंमत अखेरीस त्यालाच मोजावी लागते.

याचा अर्थ घटनांची रेलचेल हवीच, असा मात्र नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर १९९५ साली चित्रपट केला. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, तेथील माणसांत मिसळतो, त्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते आणि पुढे दुष्काळात वाडी ओस पडते. खलनायक नाही, कटकारस्थान नाही. तरीही गोष्ट धरून ठेवते. कारण जे उभे राहताना आपण पाहिले, तेच रिकामे होताना पाहावे लागते. माझ्या टिपणांमध्ये मी ‘कथानक क्षीण’ असा शेरा पूर्वी फार सहज लिहीत असे. ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचल्यावर तो शेरा लिहिण्यापूर्वी मी थांबू लागले.

हक्कांविषयी थोडक्यात सांगते, कारण संहिता पूर्ण झाल्यावर अडलेली मुले मी पाहिली आहेत. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे साहित्यकृतीवरील हक्क अबाधित राहतो. त्यामुळे १९५० साली निधन झालेल्या साने गुरुजींचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आता खुले आहे. परंतु हयात लेखकाची किंवा अलीकडे निवर्तलेल्या लेखकाची कथा घ्यायची असेल, तर करार लेखीच हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. म्हणून पहिला प्रवेश लिहिण्याआधी पहिले पत्र लिहावे.

गेल्या वर्षी मी ती विधवेची कथा पुन्हा वाचली. तिच्यात एक अर्धे वाक्य आहे, जे त्या वेळी मी निवेदकाच्या एका लांबलचक उताऱ्यात पुरून टाकले होते: बाई दर महिन्याला वाचनालयात जाऊन यजमानांच्या नावाची वर्गणी भरतात आणि त्यांच्यासाठी म्हणून पुस्तक घेऊन येतात. यजमान गेल्याचे त्यांनी तिथे कोणालाही सांगितलेले नाही. नव्या संहितेचा पहिला प्रवेश मनात तयार आहे. सभासदत्वाच्या नूतनीकरणासाठी ग्रंथपाल सभासदाची स्वतःची सही मागतो आणि बाई अर्ज हातात घेऊन उभ्या राहतात. लेखकाच्या कुटुंबीयांना पत्र पाठवले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत मी तो प्रवेश कागदावर उतरवणार नाही.