बॉलकडे नको, कॅचरकडे बघा

रेडमंडला राहायला आले तेव्हा बेसबॉल म्हणजे फुलटॉसवर सिक्सर मारायचा खेळ, एवढीच माझी समजूत होती. आता सिएटल मरिनर्सची मॅच नसली की संध्याकाळ खायला उठते. इथे नव्याने आलेले मराठी लोक दर एप्रिलला विचारतात, "अहो, हे बघायचं कसं? तीन तासांत काही घडतच नाही!" घडतं, पण आपण चुकीच्या ठिकाणी बघत असतो.

आधी एकच टीम धरा. प्रत्येक टीम सीझनमध्ये 162 मॅच खेळते, म्हणजे जवळजवळ रोज. आणि हरल्याचं मनाला लावून घेऊ नका, इथे ते परवडत नाही. 2025 मध्ये मरिनर्स 72 मॅच हरले, तरी 2001 नंतर पहिल्यांदाच आपल्या विभागात पहिले आले.

मग पहिल्या दोन इनिंग फक्त कॅचर बघा. तो आपला विकेटकीपर, पण निम्मा कॅप्टनही. कुठला बॉल टाकायचा हे बहुतेक वेळा तोच बटण दाबून पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, सुचवतो आणि ग्लोव्ह एका जागी धरतो. बॉल तिथेच आला तर पिचर फॉर्मात आहे. ग्लोव्ह या टोकाहून त्या टोकाला न्यावा लागायला लागला, की पुढच्या इनिंगमध्ये धुलाई ठरलेली. हे कळायला लागलं की समालोचकाच्या आधी तुम्हीच म्हणाल, "काढा आता याला."

आमचा कॅचर कॅल रॅली. 2025 मध्ये त्याने 60 होम रन (आपल्या सिक्सरसारखे फटके) मारले. याआधी कुठल्याही कॅचरने एका सीझनमध्ये एवढे मारले नव्हते. त्याचं बॅटिंग ॲव्हरेज .247, म्हणजे चारात जेमतेम एकदा हिट, बघून नाक मुरडू नका. या खेळात दहातल्या सात वेळा आउट होणारासुद्धा मोठा बॅट्समन असतो. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र न्यूयॉर्कच्या ॲरन जजला मिळाला, पहिल्या पसंतीची मतं 17 विरुद्ध 13. जज थोर आहे, मान्य. पण रोज रात्री गुडघ्यांत बसून शंभराच्या वर बॉल झेलायचे आणि वर 60 होम रन? माझं मत बदलणार नाही.

बॅट्समनपुढच्या ठरलेल्या चौकटीतून, म्हणजे झोनमधून, गेलेला बॉल 'स्ट्राइक', बाहेरून गेलेला नुसता 'बॉल'. 2026 पासून अंपायरच्या या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं. डीआरएस माहीत असलेल्याला हे पाच मिनिटांत कळतं, कॅमेऱ्यांची हॉक-आय यंत्रणाही ओळखीचीच. प्रत्येक टीमला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला. लगेच डोक्यावर टपली मारायची, डगआउटकडे बघायचं नाही. आणि मुख्य म्हणजे 'अंपायर्स कॉल' नाही! बॉल झोनच्या कडेला नुसता चाटून गेला तरी स्ट्राइक. मला हे आवडतं, पण थोडी हळहळही वाटते. बाहेरचा बॉल अलगद आत ओढून अंपायरला फसवणं ही कॅचरची जुनी कला, तिची किंमत आता उतरणार.

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. बाबा सांगलीला क्लबच्या मॅचचे स्कोअरर होते, त्यामुळे मला हे व्यसन आयतंच होतं. प्रत्येक फील्डरला एक नंबर: पिचर 1, कॅचर 2, पहिल्या बेसवरचा 3, दुसऱ्यावरचा 4, तिसऱ्यावरचा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डर 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्या बेसला फेकून दोघांना बाद केलं, तर लिहायचं 6-4-3. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाला की इंग्रजी 'के'. शेवटच्या स्ट्राइकला बॅट न हलवता उभा राहिला तर तोच 'के' उलटा काढायचा. लेकाला या उलट्या 'के'ची फार मजा वाटते.

नऊ इनिंगनंतर बरोबरी असली तर जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करतात, तो मला मुळीच पटत नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांत, तो नसतो, म्हणून तर 10 ऑक्टोबर 2025 ला डेट्रॉइटविरुद्धची मॅच 15 इनिंग चालली आणि आमच्या पोलांकोच्या फटक्यावर आम्ही 3-2 जिंकलो. जवळजवळ पाच तास! घसा बसला होता. पुढच्या फेरीत टोरंटोने सातव्या मॅचमध्ये हरवलं, त्याबद्दल नंतर कधीतरी.

पुण्यातून बघणाऱ्यांना सोयीचं आहे: इथली संध्याकाळी 6:40 ची मॅच उन्हाळ्यात तिथे सकाळी 7:10 ला, चहाबरोबर.

मैदानावर जाणार असाल तर लाइट रेलने स्टेडियम स्टेशनला उतरा. छत बंद असलं तरी ते नुसती छत्री आहे, बाजू उघड्याच राहतात, म्हणून एप्रिलमध्ये जाड जॅकेट हवंच. घरचं खाणं आत नेऊ देतात; मी थालीपिठं नेते. तिखट-लिंबू लावलेले भाजलेले टोळही तिथे विकत मिळतात. लेकाने खाल्लेत, मी अजून नाही.