जुन्या व्हॅनचे पार्ट: आधी नंबर, मग शोधाशोध

जुनी व्हॅन दुरुस्त करायला घेतली की लोकांना भीती वाटते ती इंजिनची. मॅन्युअल समोर असेल आणि घाई नसेल तर हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन उघडून परत बांधणं कुणालाही जमतं. गाडी वर्षानुवर्षं स्टँडवर अडकते ती पार्टपायी. तो पार्ट जगात कुठेच नसतो असंही नाही. आपल्याला नेमकं काय हवंय हे ठरलेलं नसतं, म्हणून तो सापडत नाही. या टप्प्यावर मीही बराच काळ अडखळलो, त्यामुळे लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

उदाहरणासाठी फोक्सवॅगनची टाइप २, म्हणजे कोंबी, घेतली आहे. तुमची व्हॅन दुसऱ्या कंपनीची असेल तर नंबर बदलतील, पद्धत तीच राहील.

गाडीचं खरं वय काढा

नोंदणीच्या कागदावरचं वर्ष पार्ट शोधायला कामाचं नाही. ते गाडी पहिल्यांदा रस्त्यावर कधी आली ते सांगतं, कशी बनली ते सांगत नाही. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष तेव्हा ऑगस्टपासून धरलं जायचं. त्यामुळे ऑगस्ट १९६७ मध्ये बनलेली गाडी १९६८ ची मानली जाते, आणि सलग मोठ्या पुढच्या काचेची कोंबी तिथूनच सुरू होते. १९७१ च्या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक आले आणि चाकाच्या बोल्टचं वर्तुळ २०५ मिमीवरून ११२ वर आलं. १९७२ ला मागचे दिवे मोठे झाले आणि १७०० सीसीच्या मोठ्या इंजिनाचा पर्याय आला. १९७३ ला पुढचे इंडिकेटर बंपरजवळून वर, हवेच्या जाळीशेजारी गेले. कागदावर नुसतं '१९७२' लिहिलेली गाडी यातल्या दोन वेगळ्या मॉडेलांपैकी कुठलीही असू शकते.

चॅसी नंबर वाचा. १९६५ च्या मॉडेलपासून त्यातला तिसरा अंक मॉडेल वर्षाचा शेवटचा अंक असतो. २१८ ने सुरू होणारा नंबर १९६८ ची पॅनेल व्हॅन दाखवतो. १९७० च्या मॉडेलपासून त्यापुढे दशकाची खूण म्हणून २ चा अंक आला आणि नंबर दहा आकडी झाला. हा नंबर इंजिनच्या कप्प्यातल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. पुढच्या सीटच्या मागे कारखान्याची छोटी पत्र्याची पट्टी टिकून असेल तर तिच्यावर रंग, इंजिन-गिअरबॉक्सचा प्रकार आणि कारखान्यातून आलेल्या जादा सोयी सांकेतिक आकड्यांत मिळतात. ती पट्टी रंगवू नका आणि घासू नका.

एवढं करूनही गाडी मूळ स्थितीत आहे असं गृहीत धरायचं नाही. आधीच्या मालकांपैकी कुणी पुढचा अ‍ॅक्सल बदललेला असतो, कुणी इंजिन. म्हणून प्रत्येक जोडणी वेगळी तपासा. चाकाचं सोपं आहे: पाच बोल्टांपैकी शेजारशेजारच्या दोघांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १२०.५ मिमी भरलं तर वर्तुळ २०५ चं, ६६ च्या आसपास भरलं तर ११२ चं. कागद काहीही म्हणो, ब्रेकचे पार्ट या मापाला धरून मागवायचे.

सोडवणं

फोटो काढा, पिशव्यांना चिठ्ठ्या लावा, अडकलेल्या नटांना आदल्या रात्री तेल पाजा. आणि नवा पार्ट बसून गाडी चालेपर्यंत जुना फेकू नका, दोन तुकडे झाले असले तरी. जुना पार्ट हाच तुमचा नमुना आहे. पार्ट बनवून घ्यायची वेळ आली तर माप त्याच्यावरूनच घेतलं जाणार.

पार्ट ओळखणं

'कोंबीचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) हवाय' ही मागणीच चुकीची आहे. याला उत्तर म्हणून काहीही येऊ शकतं आणि येतंच. एका विक्रेत्याने 'सगळ्या कोंबींना बसतो' असं छातीठोकपणे सांगून मला मास्टर सिलिंडर पाठवला. बोल्ट बसले, पाइपही बसले, पण बोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा व्यास, वेगळा होता. बोअर मोठा असला की पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि तितक्याच जोराला दाब कमी मिळतो. लहान असला की पेडल खोल जातं. दोन्ही गोष्टी उतारावर जिवावर बेतणाऱ्या आहेत. 'बसतो' आणि 'चालतो' यांत एवढं अंतर असतं.

तर आधी नंबर काढायचा. पार्टवर तारेचा ब्रश मारायची सवय सोडा. मऊ धातूवरचे उठावाचे आकडे त्याने झिजतात. पार्ट रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, नायलॉनच्या ब्रशने मळ काढा, कोरडा करा आणि त्यावर खडू आडवा फिरवा. उठावाचे आकडे पांढरे होतात. आकडे खोल कोरलेले असतील तर सगळीकडे खडू चोळून वरचा पुसून टाका, खाचेत पांढरं राहतं. तेही जमलं नाही तर अंधारात बॅटरी पार्टला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका आणि फोटो काढा. डोळ्यांना सपाट वाटलेल्या जागी फोटोत तीन-चार आकडे हमखास दिसतात.

एक सावधगिरी बाळगा. ओतीव भागावरचा नंबर बऱ्याचदा साच्याचा असतो, पार्टचा नसतो. एकाच साच्यातून निघालेले दोन तुकडे पुढे वेगवेगळे कापले जातात. म्हणून मिळालेला नंबर कारखान्याच्या सचित्र पार्ट कॅटलॉगशी ताडून पाहायचाच.

फोक्सवॅगनचा नंबर वाचता आला की निम्मं काम झालं. नऊ आकडे, तीन-तीनच्या गटात. पहिला गट सांगतो की पार्ट मुळात कुठल्या गाडीसाठी आखला गेला: २११ म्हणजे डाव्या स्टिअरिंगची टाइप २, २१४ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची, १११ किंवा ११३ म्हणजे बीटल. मधला गट पार्टचं घराणं सांगतो. त्याचा पहिला अंक १ असेल तर इंजिन, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग, ५ मागचा अ‍ॅक्सल, ६ चाकं आणि ब्रेक, ८ बॉडी, ९ इलेक्ट्रिक. ६११ म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक, ८४३ म्हणजे सरकता दरवाजा, ८४५ म्हणजे काचा. शेवटचा गट प्रत्यक्ष पार्टचा. डाव्या-उजव्या जोडीत साधारणपणे विषम आकडा डावीकडचा आणि सम उजवीकडचा. शेवटी अक्षर असेल तर ती सुधारित आवृत्ती.

याचा रोजच्या कामात मोठा फायदा आहे. कोंबीच्या पार्टवर ११३ दिसला की आनंद माना, कारण तो बीटलचाही आहे आणि बीटल दोन कोटींहून जास्त बनल्या. मोठ्या इंजिनाचे अनेक पार्ट फोक्सवॅगन ४११, ४१२ आणि पोर्शे ९१४ मध्येही सापडतात, कारण इंजिनाचं घराणं एकच आहे. शोधताना 'कोंबी' हा शब्दच टाकू नका. नंबर टाका: एकदा जोडून, एकदा मोकळ्या जागा सोडून, एकदा शेवटचं अक्षर गाळून. अर्ध्या विक्रेत्यांना आपल्याकडे काय पडलंय हे ठाऊक नसतं. त्यांनी फक्त डब्यावरचा नंबर उतरवलेला असतो.

ब्राझीलच्या मालाबद्दल आवर्जून सांगतो. तिथे कोंबी २०१३ पर्यंत बनत होती आणि २००५ पर्यंत हवेवर थंड होणाऱ्या इंजिनावर चालत होती. त्यामुळे इंजिनचे बरेच पार्ट तिथून चांगले मिळतात. पण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९९६ पर्यंतच्या तिथल्या गाडीला चेहरा नव्या कोंबीचा आणि मधली-मागची बॉडी जुन्या, दुभंगलेल्या काचेच्या कोंबीची होती. '१९७८ कोंबी' म्हणून आलेली बाजूची काच जर्मन गाडीत बसणार नाही. पुढची काच सोडून बॉडी, काच किंवा रबर ब्राझीलमधून मागवताना मापं मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नंबरच नसेल तेव्हा

बेअरिंग आणि ऑइल सीलसाठी गाडीच्या पार्टचं दुकान शोधायची गरजच नाही, आणि लोक नेमकी याच दोन गोष्टींसाठी महिनोन् महिने थांबतात. बेअरिंगवरचा नंबर जगभर सारखा असतो. ६२०५ म्हणजे आत २५ मिमी, बाहेर ५२, जाडी १५. तो बोअरवेलच्या पंपात असो की व्हॅनमध्ये. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. पुसली असेल तर सील मोजू नका, रबर सैल झालेलं असतं. शाफ्ट आणि सील बसतं ते घर व्हर्नियरने मोजा. इंजिनच्या टोकाच्या गरम जागेसाठी साध्या नायट्राइलऐवजी फ्लुओरो रबराचं सील मागा. सीलच्या आत तेल ढकलणाऱ्या तिरक्या रेघा असतील तर त्यांची दिशा शाफ्ट फिरण्याच्या दिशेशी जुळलीच पाहिजे.

जुन्या साठ्यातला, डब्यातून न काढलेला पार्ट म्हटला की लोक डोळे झाकून पैसे मोजतात. माझं मत पक्कं आहे: धातू असेल तर घ्या, रबर असेल तर नको. चाळीस-पन्नास वर्षं डब्यात पडलेला ब्रेक होज दिसायला कोरा असतो, पण आतून मेलेला असतो. न वापरलेला व्हील सिलिंडर घ्यायला हरकत नाही, पण उघडा, बोअरमध्ये गंजाचे खड्डे आहेत का ते नखाने चाचपा, आणि आतले रबर कप नवेच टाका.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: नंबरचा, व्हर्नियरचे जबडे पार्टवर असतानाचा, आणि आटे असलेल्या तोंडाचा. 'फिट होईल, गॅरंटी' असं उत्तर आलं की पुढे बोलू नका.

आणि काही पार्ट शोधूच नका. तुमचा मूळ पार्ट दुरुस्त होत असेल तर तोच बाजारातल्या नव्या नकलेपेक्षा सरस असतो. मास्टर सिलिंडरला पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसते, कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल शाफ्टला बुश बसतात, ब्रेक शूवर आणि क्लच प्लेटवर नवं लायनिंग चढतं. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओली करून पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

डिस्ट्रिब्यूटरबाबत, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटून देणाऱ्या भागाबाबत, जो तो '००९ टाका' असं सांगतो. बॉशचा ००९ फक्त वेगावर टायमिंग पुढे घेतो, व्हॅक्यूमवर नाही. मूळ सोलेक्स कार्ब्युरेटरसोबत तो लावला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते. मग लोक कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात. तुमच्या इंजिनचा मूळ व्हॅक्यूमवाला शोधा, त्याचा नंबरही ९०५ च्या गटात मिळतो.

पत्रा

कुजलेला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापा, पुटी भरून झाकू नका. दरवाज्याखालचा पत्रा कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीला आतून आडवे पाइप वेल्ड करा, नाहीतर दरवाजा पुन्हा लागणार नाही.

ब्रेक

सगळे होज नवे घ्या. मूळ पाइप ४.७५ मिमीचा, नट एम१० × १ चा आणि पाइपचं टोक बुडबुड्याच्या आकाराचं. दुहेरी दुमडलेलं टोक या फिटिंगमध्ये घालू नका, घट्ट वाटलं तरी दाबाखाली ते झिरपतं. मास्टर सिलिंडरचा पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण १ मिमी मोकळीक ठेवा. ती नसेल तर गाडी तापल्यावर ब्रेक आपोआप धरायला लागतात.

पेट्रोल, आणि मगच सेल्फ

या गाड्या गंजून संपतात त्याहून वाईट म्हणजे जळून संपतात. १६०० सीसीच्या इंजिनची क्रँककेस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं घर, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. ती पेटली की पाणी मारून विझत नाही, उलट भडकते. म्हणून कापडाच्या विणीची जुनी पेट्रोल नळी, ती कितीही 'ओरिजनल' असली तरी, आजच काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल झेलणारी, एसएई जे३०आर९ छापलेली नळी घ्या आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक तुकडा बदला. पत्र्यातून नळी जाते तिथला रबरी ग्रोमेट विसरू नका, तो नसेल तर पत्र्याची कड नळी कापते. कार्ब्युरेटरमध्ये ठोकून बसवलेली पितळी तोटी हाताने हलवून पाहा. ती सैल होऊन बाहेर येते आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनवर पडतं. फिल्टर इंजिनच्या कप्प्यात नको, टाकीच्या बाजूला हवा.

१६०० च्या इंजिनला व्हॉल्व्हची मोकळीक गार असताना ०.१५ मिमी, तेल अडीच लिटर, फायरिंग ऑर्डर १-४-३-२. इंजिनभोवतीचं रबरी सील आणि पत्रे सगळे जागेवर असल्याशिवाय सेल्फ मारू नका. ते नसले तर खालची तापलेली हवा वर येऊन पंख्यात परत ओढली जाते.

इंजिन सुरू झालं की दहा मिनिटं चालू ठेवून हातात बॅटरी घ्या आणि पेट्रोलच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवा. कागद ओला झाला तर लगेच बंद करा आणि तो जोड दुरुस्त करा. सगळे कोरडे निघाले तर गाडी बाहेर काढा, पण अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, मागच्या कप्प्यात नाही.