रिअ‍ॅक्टमध्ये या चुका टाळा: वॉर्निंग दाबली की बिघाड आत राहतो

रिअ‍ॅक्ट ही वेबपेजचा दर्शनी भाग बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्यात मॅप (यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर तेच काम करणारं फंक्शन) वापरून यादी दाखवली की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल ओळ येते: प्रत्येक घटकाला वेगळी 'की' (ओळखखूण) द्या. नवशिके मॅपमधला इंडेक्स (यादीतला क्रमांक) उचलतात आणि की म्हणून चिकटवून देतात. लाल ओळ गेली, काम झालं! यूट्यूबवरचे कित्येक घाईघाईचे धडेसुद्धा हेच शिकवतात, याचा खरंच संताप येतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा ऑर्डर फॉर्म घ्या. तीन ओळी आहेत: चादर १० डझन, टॉवेल २५ डझन, नॅपकिन ४० डझन. आकडे हाताने टाइप केलेले. ते स्टेटमध्ये (रिअ‍ॅक्ट लक्षात ठेवतं त्या माहितीत) नाहीत, ब्राउझरच्या इनपुटमध्येच आहेत. व्यापारी फोनवर सांगतो, "चादरी राहू द्या." मुनीम चादरीची ओळ काढतो. स्क्रीनवर आता टॉवेल १०, नॅपकिन २५. एरर नाही, वॉर्निंग नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही तर २५ डझन टॉवेलांच्या जागी १० डझनच टेम्पोत चढतात आणि भांडण लागतं ते गोडाऊनवाल्याशी.

झालं असं की आधी की होत्या ०, १, २. ओळ काढल्यावर उरल्या ०, १. रिअ‍ॅक्टच्या हिशेबाने २ नंबरची ओळ गेली, म्हणून त्याने शेवटचं इनपुट काढलं. नावं प्रॉप्समधून (बाहेरून दिलेल्या माहितीतून) येतात, ती बरोबर वर सरकली. टाइप केलेले आकडे मात्र जागेवरच राहिले. ओळीच्या कंपोनंटमध्ये (स्क्रीनच्या सुट्या तुकड्यात) यूजस्टेट, म्हणजे स्वतःचं स्टेट, असेल तरी हाच घोळ होतो.

उपाय साधा आहे. ओळ जन्माला येते त्याच क्षणी तिला आयडी द्या आणि तो शेवटपर्यंत बदलू नका. डेटाबेसमधून आलेली ओळ असेल तर तिथलाच आयडी. नवीन ओळीसाठी क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी (वेगळा आयडी बनवून देणारं ब्राउझरचं फंक्शन) चांगलं, पण ते फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर चालतं. लॅपटॉपचा आयपी टाकून मोबाइलवर साध्या एचटीटीपीने तपासायला गेलात तर ते फंक्शन सापडतच नाही. तिथे यूजरेफमध्ये (स्क्रीन पुन्हा आखली तरी मूल्य टिकवणाऱ्या जागेत) चढता क्रमांक ठेवणं बरं. रेंडर होताना, म्हणजे रिअ‍ॅक्ट स्क्रीन आखत असताना, मॅथ डॉट रँडमची की तर अजिबात देऊ नका. दर रेंडरला ओळ नव्याने बनते आणि एक अक्षर टाइप केलं की कर्सर उडतो. ज्या यादीत काही घालायचं, काढायचं किंवा हलवायचं नाही, तिथे इंडेक्स चालतो.

दुसरं दुखणं यूजइफेक्टचं, म्हणजे स्क्रीन आखून झाल्यावर सर्व्हरला विचारण्यासारखी कामं करणाऱ्या हुकचं. हुक्स (यूजस्टेट, यूजइफेक्टसारखी फंक्शन्स) रिअ‍ॅक्टच्या १६.८ आवृत्तीत, २०१९ साली आले, तरी डिपेन्डन्सीच्या यादीची (काय बदललं की इफेक्ट पुन्हा चालवायचा, त्या यादीची) भीती अजून गेलेली नाही. यादीच दिली नाही तर इफेक्ट दर रेंडरनंतर चालतो. आत स्टेट बदललं की सर्व्हरवर रिक्वेस्टचा मारा सुरू. यादीत रेंडरमध्येच बनवलेलं ऑब्जेक्ट दिलं तरी तेच, कारण ते दर वेळी नवं असतं. ऑब्जेक्टऐवजी त्यातलं साधं मूल्य द्या, म्हणजे शहराचं नाव किंवा ग्राहक क्रमांक. कोड तपासणाऱ्या ईएसलिंटचा एक्झॉस्टिव्ह-डेप्स नियम (यादीत काही राहिलं की सांगणारा) ओरडला की लोक कॉमेंट टाकून त्यालाच बंद करतात. पुढे जुनं मूल्य धरून बसलेला इफेक्ट शोधायला अख्खी दुपार जाते.

शोधपेटीतही हाच निष्काळजीपणा. 'सो' टाइप केल्यावर एक रिक्वेस्ट गेली, 'सोला'वर दुसरी. गड्डा यात्रेच्या गर्दीत नेट रखडतं तेव्हा पहिलीचं उत्तर नंतर येतं आणि जुनी यादी नवीवर बसते. इफेक्टच्या क्लीनअपमध्ये (पुढच्या फेरीआधी आवराआवर करणाऱ्या फंक्शनमध्ये) ब्राउझरच्या अबॉर्टकंट्रोलरने आधीची रिक्वेस्ट रद्द करा. रिअ‍ॅक्ट १८ पासून स्ट्रिक्टमोड (चुका उघड करणारी सोय) डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट एकदा जास्त चालवतो, तो अशी राहून गेलेली क्लीनअप उघडी पाडण्यासाठीच. "दोनदा का चालतंय" म्हणून स्ट्रिक्टमोड काढू नका.

आता झटपट. स्टेटमधल्या ॲरेवर (यादीवर) पुश करून तोच ॲरे परत दिला तर रिअ‍ॅक्टला बदल दिसत नाही. स्प्रेडने (तीन टिंबांनी) नवा ॲरे द्या. इनपुटचं मूल्य स्ट्रिंग असतं: १० आणि ५ ची बेरीज १०५ येईल, म्हणून नंबरमध्ये बदला. यादीच्या लेंग्थपुढे दोन अँपरसँड (&&) लावून कंपोनंट दाखवलात तर रिकाम्या यादीत स्क्रीनवर ० उमटतो. लेंग्थ शून्याहून मोठी आहे का, ते लिहा. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने नवीन काम सुरू करू नका, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते अधिकृतपणे बाद झालं, प्रोजेक्ट उभा करायला व्हीट घ्या. व्हीटमध्ये व्हीआयटीई_ने सुरू होणारं, कोडमध्ये वापरलेलं सेटिंगचं व्हेरिएबल बंडलमध्ये (ब्राउझरला जाणाऱ्या कोडमध्ये) सगळ्यांना वाचता येतं, त्यात पेमेंटची गुप्त की ठेवू नका.

एनपीएमने (पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) इन्स्टॉल करताना अडलं की फोर्स लावण्याआधी एररमधलं लायब्ररीचं नाव वाचा. बहुतेक वेळा एखादं जुनं पॅकेज रिअ‍ॅक्टची जुनी आवृत्ती मागत असतं. त्याची नवी आवृत्ती आहे का पाहा, नसेल तर दुसरं पॅकेज निवडा. लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय (नोंदीतल्याच आवृत्त्या बसवणारी आज्ञा) चालवा.