अन्न हाताळणाऱ्यांची जंत-तपासणी: या चुका टाळा

पोट दुखत नाही, जुलाब नाहीत, म्हणजे जंत नाहीत असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जिआर्डिया किंवा अमीबा या एकपेशीय परजीवींची लागण झालेली कित्येक माणसं धडधाकट दिसतात, पण त्यांच्या शौचातून सिस्ट (परजीवीची कवचबंद, लागण पसरवणारी अवस्था) बाहेर पडत राहतात.

त्या रोज पडत नाहीत, म्हणून एकाच नमुन्यावर दिलेला जंत नसल्याचा दाखला कच्चा. एक दिवसाआड 3 नमुने, 10 दिवसांच्या आत द्यावेत. डबी कोरडी हवी; लघवी किंवा पाणी मिसळलं की अमीबाची नाजूक हलती अवस्था मरते. शौच पातळ असेल तर अर्ध्या तासात तपासायला हवं, उशीर होणार असेल तर प्रयोगशाळेकडून नमुना टिकवणाऱ्या द्रावणाची डबी घ्या. जंतू थोडेच असतील तर नुसत्या साध्या स्लाइडवर ते निसटतात, त्यामुळे कॉन्सन्ट्रेशन (नमुन्यातले जंतू एकत्र गोळा करण्याच्या) पद्धतीनं तपासणी मागा. सुतासारख्या जंतांची अंडी मात्र शौचात क्वचितच सापडतात. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, गुदद्वाराला पारदर्शक चिकटपट्टी लावून ती तपासतात.

अहवालात कुठलाही जंत दिसला की माणसाला कामावरून काढणं हा अन्याय आहे. गोल जंताच्या अंड्याला मातीत साधारण 2-3 आठवडे काढल्याशिवाय लागण करता येत नाही, आणि हुकवर्मची (आकडेकृमीची) अळी बहुधा अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. उपचार दोन्हींना हवेत. खरी धास्ती ताज्या शौचातूनच लागण करणाऱ्यांची: जिआर्डिया, अमीबा, बुटका फीतकृमी आणि डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी. या शेवटच्याची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊ शकतात. शिवाय रोग करणारा अमीबा आणि त्याचा निरुपद्रवी जुळा सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. फरक अँटिजेन (जंतूची प्रथिनं शोधणाऱ्या) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या) चाचणीनं कळतो.

अल्बेंडाझोल या जंतांवरच्या औषधाची 400 मिलिग्रॅमची एकच गोळी अमीबावर चालत नाही, जिआर्डियालाही पुरत नाही. अमीबावर दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल वरच्या आतड्यातच बरंचसं शोषलं जातं, म्हणून आतड्यातल्या अमीबाच्या सिस्टसाठी डॉक्टर डायलोक्सनाइडसारखं औषध देतात. ते पूर्ण घ्या आणि शौच पुन्हा तपासून घ्या.

सॅनिटायझरनं सिस्ट मरत नाहीत. शौचानंतर आणि अन्नाला हात लावण्याआधी साबण लावून 20 सेकंद चोळा, वाहत्या पाण्यात धुवा. नखं कापलेली ठेवा, त्यांच्याखालीही घासा. हात न धुता घातलेला हातमोजा बाहेरूनच माखतो. जुलाब झाले तर ते थांबल्यावर 48 तास तरी अन्नापासून दूर राहा.